नकोसा झालेला राजदूत

राजदूत म्हटला की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे झुंबरांचा दिवाणखाना, काळा पोशाख, हस्तांदोलने आणि मेजवान्या एवढेच उभे राहते. हे चित्र अगदीच खोटे नाही. राजदूताच्या आयुष्याचा बराचसा भाग खरोखरच अशा समारंभांत जातो, आणि जो वेळ उरतो तो मायदेशी पाठवावयाचे अहवाल लिहिण्यात खर्च होतो. त्याच्यापाशी सैन्य नसते. ज्या देशात तो राहतो तेथील साध्या हवालदारालाही हुकूम करण्याचा त्याला अधिकार नसतो. मग एखाद्या राज्यात एका दिवसात लष्कर सत्तेवर आले, माणसे घराघरांतून उचलून नेली जाऊ लागली, आणि त्यांतील काही जण धापा टाकीत वकिलातीच्या फाटकाशी येऊन उभे राहिले, तर हा निःशस्त्र गृहस्थ करू तरी काय शकतो? १९७३ साली चिली देशाच्या राजधानीत, सांतियागो येथे, हा प्रश्न स्वीडनचे राजदूत हाराल्ड एडेलस्टाम यांच्यापुढे पुस्तकी स्वरूपात न येता प्रत्यक्ष दारात येऊन उभा राहिला. त्यांनी त्याचे जे उत्तर दिले त्याबद्दल अवघ्या तीन महिन्यांत त्यांना त्या देशातून घालवून देण्यात आले.

त्यांची हकीकत नीट समजावयाची तर राजदूताच्या संरक्षणाचा आणि त्याच्या मर्यादांचा थोडा विचार आधी केला पाहिजे. दूत अवध्य असतो, हा नियम आपल्याकडे फार जुना आहे. रावणाच्या दरबारात हनुमंताला मारण्याचा हुकूम सुटला तेव्हा बिभीषणाने हाच नियम पुढे केला होता. पेशवाईत परदरबारी राहणाऱ्या प्रतिनिधीला वकील म्हणत, आणि त्यावरून आलेला वकिलात हा शब्द मराठीत अद्याप रूढ आहे. राष्ट्राराष्ट्रांतील या जुन्या रूढी १९६१ साली व्हिएन्ना येथे झालेल्या करारात कलमवार नोंदविण्यात आल्या. त्या करारान्वये वकिलातीच्या आवारात राजदूताच्या संमतीवाचून यजमान राष्ट्राच्या पोलिसालाही पाऊल टाकता येत नाही. राजदूताला अटक करता येत नाही, आणि त्याची कागदपत्रे उघडता येत नाहीत. पुष्कळांची अशी समजूत असते की वकिलातीची जमीन ही परक्या राष्ट्राचीच भूमी होय. तसे नाही. जमीन यजमानाचीच राहते. मात्र तिच्यावर आपले हात न चालविण्याचे वचन यजमानाने दिलेले असते. हा भेद वरवर पाहता शाब्दिक वाटेल, पण पुढे जे घडले ते सारे या भेदावरच घडले.

या संरक्षणाच्या मोबदल्यात राजदूतानेही काही पत्करलेले असते. त्याने त्या देशाचे कायदे पाळावेत, तेथील अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करू नये, आणि वकिलातीची जागा वकिलातीच्या कामाशी विसंगत अशा कोणत्याही गोष्टीसाठी वापरू नये, असे तोच करार सांगतो. आणि यजमानाच्या हाती एक अखेरचे अस्त्र ठेवलेले आहे. एखादा राजदूत आपल्याला नको आहे असे तो केव्हाही जाहीर करू शकतो. त्याचे कारण देण्याचेही बंधन त्याच्यावर नाही. लॅटिन भाषेतील ‘पर्सोना नॉन ग्राटा’ हा शब्दप्रयोग याच अर्थाने जगभर वापरला जातो. त्याचा साधा अर्थ ‘नकोसा माणूस’ असा आहे.

एडेलस्टाम यांचा जन्म १७ मार्च १९१३ रोजी स्टॉकहोम येथे एका सरदार घराण्यात झाला. त्यांचे वडील राजदरबारी मानकरी होते. कायद्याचे शिक्षण संपवून ते परराष्ट्रखात्यात शिरले, ते दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर. अशा कुळातील तरुणाने अशा खात्यात जावे यात नवल काहीच नव्हते. रीतीभाती जन्मापासून अंगवळणी पडलेल्या, भाषा येत असलेल्या. पुढील चाळीस वर्षांचा मार्ग जणू आखून ठेवलेलाच होता. तो थोडासा बदलला तो ऑस्लोमध्ये.

नॉर्वे हा देश एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने बळकावला. तेथील राजा आणि मंत्रिमंडळ लंडनला गेले, त्यामुळे ऑस्लोत राजदूत राहण्याचे कारणच उरले नाही. स्वीडनची वाणिज्यदूताची कचेरी मात्र तेथे चालू राहिली आणि १९४२ साली एडेलस्टाम यांची नेमणूक तिच्यात झाली. स्वीडन त्या युद्धात तटस्थ होते. पण ती तटस्थता फार अवघडलेली होती. रजेवर जाणाऱ्या-येणाऱ्या जर्मन सैनिकांना स्वीडिश रेल्वेने प्रवास करू देण्याचे स्वीडनने १९४० साली मान्य केले होते, आणि ही वाहतूक १९४३ च्या ऑगस्टपर्यंत चालू होती. सरकारचे धोरण जर्मनीला दुखवू नये असे, आणि त्याच सरकारचा एक कनिष्ठ अधिकारी ऑस्लोत जर्मनांनी ज्यांचा माग काढला आहे अशा माणसांना स्वीडनच्या सरहद्दीकडे पोहोचविण्यात गुंतलेला, अशी ही विसंगत स्थिती होती. २६ नोव्हेंबर १९४२ रोजी ‘डोनाउ’ नावाचे जहाज नॉर्वेतील सुमारे ५३० ज्यू लोकांना घेऊन ऑस्लोच्या बंदरातून निघाले. त्यांची रवानगी औश्वित्झला झाली, आणि त्यांतले फार थोडे परत आले. नॉर्वेत ज्यूंची वस्ती मुळात दोन हजारांच्या आसपास; तिच्यातील निम्म्याहून अधिक लोक मात्र बर्फातून, जंगलातून स्वीडनमध्ये निसटले. हे काम नॉर्वेच्या गुप्त प्रतिकार चळवळीतील असंख्य अनाम माणसांनी केले. त्यांना आतून साहाय्य करणाऱ्यांपैकी एडेलस्टाम हे एक होते.

याच काळात त्यांना ‘स्वार्ता नेजलिका’ हे टोपणनाव पडले, म्हणजे ‘काळे कार्नेशन’. बॅरोनेस ऑर्झी यांची ‘द स्कार्लेट पिंपर्नेल’ ही कादंबरी स्वीडिश भाषेत ‘तांबडे कार्नेशन’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यावरून हे नाव बेतलेले. त्या कादंबरीतील इंग्रज उमराव फ्रान्समधील सरदारांना क्रांतिकारकांच्या तावडीतून सोडवितो. स्वीडनच्या या उमरावाच्या वाट्याला पुढे याच्या बरोबर उलटे काम यावयाचे होते. त्याला क्रांतिकारकांना सेनापतींच्या तावडीतून सोडवावे लागले. असो. जर्मनांना संशय आला, आणि १९४४ साली स्टॉकहोमने त्यांना ऑस्लोतून परत बोलावले.

त्यानंतरची सुमारे वीस वर्षे इतर कोणत्याही मुत्सद्द्याच्या वर्षांसारखीच गेली. एका राजधानीतून दुसऱ्या राजधानीत बदली, हळूहळू बढती. राजदूत म्हणून त्यांना जे देश मिळाले ते मात्र सोपे नव्हते. १९६५-६६ साली इंडोनेशियात कम्युनिस्टांच्या नावाखाली लक्षावधी माणसांची कत्तल झाली. तिच्या पाठोपाठच्या काळात ते जकार्ता येथे होते. तेथून ते ग्वाटेमालात गेले. तेथे यादवी युद्ध चालू होते आणि राजदूत असणे हीच एक धोक्याची गोष्ट झाली होती. १९६८ साली अमेरिकेच्या राजदूताचा तेथे भर रस्त्यात बंडखोरांकडून खून झाला. १९७० साली पश्चिम जर्मनीचे राजदूत कार्ल फोन स्प्रेटी यांना बंडखोरांनी पळवून नेले, आणि सरकारने मागण्या मान्य केल्या नाहीत म्हणून त्यांना ठार मारले. दूत अवध्य असतो हा नियम कागदावर किती आणि व्यवहारात किती, हे एडेलस्टाम यांनी सांतियागोला जाण्यापूर्वीच जवळून पाहिले होते.

ते चिलीत आले १९७२ साली. साल्वादोर आयेंदे हे समाजवादी पुढारी १९७० च्या निवडणुकीत तेथील अध्यक्ष झाले होते. त्यांनी तांब्याच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या केल्या, जमिनी वाटल्या, आणि हे सारे मतपेटीच्या मार्गाने करून दाखविण्याचा आग्रह धरला. स्वीडनमध्ये त्यावेळी ओलोफ पाल्मे यांचे समाजवादी लोकशाही पक्षाचे सरकार होते, त्याला या प्रयोगाविषयी साहजिकच आस्था वाटे. अमेरिकेशी मात्र पाल्मे यांचे बिनसले होते. हनोईवरील बाँबवर्षावाचा त्यांनी १९७२ च्या डिसेंबरात इतक्या कडक शब्दांत निषेध केला की अमेरिकेने स्वीडनचा नवा राजदूत स्वीकारण्याचेच नाकारले. तेव्हा सांतियागोतील स्वीडिश वकिलातीकडे चिलीचे सेनापती कोणत्या नजरेने पाहत असतील, याची कल्पना करता येते.

११ सप्टेंबर १९७३ रोजी, मंगळवारी, लष्कराने सत्ता हाती घेतली. अध्यक्षांच्या ‘ला मोनेदा’ या वाड्यावर विमानांतून अग्निबाण सोडण्यात आले. आयेंदे यांनी शरण जाण्याचे नाकारून वाड्यातच स्वतःच्या हाताने मृत्यू पत्करला. संसद बंद झाली, संचारबंदी पुकारली गेली, आणि जनरल ऑगस्टो पिनोशे यांच्या अध्यक्षतेखाली चार सेनाप्रमुखांचे मंडळ राज्य करू लागले. स्वीडनचेही ते दिवस गडबडीचे होते. १५ सप्टेंबरला तेथील वृद्ध राजे गुस्ताफ सहावे अडॉल्फ वारले. १६ तारखेला सार्वत्रिक निवडणूक झाली आणि तिचा निकाल दोन्ही बाजूंना प्रत्येकी १७५ जागा असा विलक्षण लागला. सूचना मागवाव्यात, उत्तराची वाट पाहावी, मग पाऊल टाकावे, ही राजदूताच्या कामाची नित्याची रीत. एडेलस्टाम यांनी त्या आठवड्यात ती बाजूला ठेवली.

पहिला प्रसंग क्यूबाच्या वकिलातीचा. आयेंदे यांचे क्यूबाशी सख्य होते, म्हणून लष्कराने त्या वकिलातीला वेढा दिला. दोन्ही बाजूंनी गोळ्या झाडल्या गेल्या आणि क्यूबाचे राजदूत जखमी झाले. दोन राष्ट्रांचे संबंध तुटले, आणि क्यूबाची मंडळी विमानाने मायदेशी निघून गेली. अशा वेळी व्हिएन्ना करारातील एक फारसे कोणाच्या लक्षात न राहणारे कलम उपयोगी पडते. संबंध तुटले तरी वकिलातीची इमारत आणि कागदपत्रे यांना यजमानाने हात लावू नये, आणि निघून जाणाऱ्या राष्ट्राने आपले हितसंबंध एखाद्या तिसऱ्या राष्ट्राच्या हवाली करावेत, असे ते सांगते. क्यूबाने हे काम स्वीडनकडे सोपविले. एडेलस्टाम निळ्या कापडावर पिवळा क्रूस असलेले स्वीडनचे निशाण घेऊन त्या गोळ्यांनी चाळण झालेल्या इमारतीत गेले आणि ते तेथे फडकविले. काही रात्री ते स्वतः तेथेच राहिले. लष्कराच्या दृष्टीने ही जागा आता स्वीडनच्या ताब्यातील होती. तिच्यात शिरणे म्हणजे एकाच वेळी दोन राष्ट्रांना दिलेले वचन मोडणे.

आणि येथेच एडेलस्टाम यांनी कायद्याच्या कडेवर पाऊल ठेवले. ही मोकळी झालेली जागा त्यांनी ज्यांचा पाठलाग चालला होता अशा माणसांना आसरा देण्यासाठी उघडली. परराष्ट्राचे हितसंबंध सांभाळणे याचा अर्थ कागदपत्रांना कुलूप लावणे असा एखाद्या काटेकोर अधिकाऱ्याने केला असता, आणि त्याला कोणी दोषही दिला नसता.

आश्रयाचा प्रश्न मुळातच गुंतागुंतीचा आहे. व्हिएन्ना कराराने वकिलातीत आश्रय देण्याचा अधिकार राजदूताला दिला, असे कोठेही लिहिलेले नाही. लॅटिन अमेरिकेतील राष्ट्रांची रूढी मात्र निराळी. तेथे सत्तांतरे वारंवार होत. आज जो मंत्री तो उद्या फरारी. त्यामुळे राजकीय फरारी माणसाला परक्या वकिलातीत आसरा मिळावा आणि सरकारने त्याला देशाबाहेर जाण्याचे अभयपत्र द्यावे, हे सर्वांच्याच सोयीचे होते. हवाना, मोन्तेविदेओ आणि काराकास येथे १९२८, १९३३ आणि १९५४ साली झालेल्या करारांनी या रूढीला लेखी रूप दिले. तरी वाद मिटले नाहीत. पेरूचे पुढारी आया दे ला तोर्रे यांनी १९४९ साली लिमा येथील कोलंबियाच्या वकिलातीत आश्रय घेतला तेव्हा प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने अखेर सांगितले की आश्रय नियमबाह्य आहे, तो संपला पाहिजे, पण कोलंबियाने त्या माणसाला पेरूच्या स्वाधीन करण्याचे बंधन नाही. तो संपवावयाचा कसा, हे मात्र सांगितले नाही. ते गृहस्थ पाच वर्षे त्या एका इमारतीत राहिले.

चिलीच्या सेनापतींनी या जुन्या रूढीचा सरसकट भंग केला असे नाही. मेक्सिकोसारख्या राष्ट्रांच्या वकिलातींत शिरलेल्या शेकडो लोकांना त्यांनी अभयपत्रे दिली. आयेंदे यांच्या पत्नीही काही दिवसांतच मेक्सिकोला सुखरूप पोहोचल्या. परंतु युरोपातील राष्ट्रे त्या करारांत सामील नव्हती. स्वीडनला आश्रय देण्याचा अधिकारच कोठून आला, असा प्रश्न लष्करी सरकार विचारू शकत होते आणि विचारीतही होते. त्यातून स्वीडिश वकिलातीकडे धाव घेणाऱ्यांत चिलीबाहेरचे लोक पुष्कळ होते. ब्राझील, बोलिव्हिया, उरुग्वे अशा देशांतील हुकूमशाहीला कंटाळून हजारो माणसे आयेंदे यांच्या चिलीत येऊन राहिली होती. लष्कराने पहिल्या दिवसापासून या परदेशी लोकांविरुद्ध नागरिकांना चिथावले. यांना परत जावे तर मायदेशी तुरुंग, राहावे तर येथे तुरुंग.

सांतियागोचे राष्ट्रीय क्रीडांगण १९३८ साली बांधले गेले आणि १९६२ च्या जागतिक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना तेथेच झाला. १९७३ च्या सप्टेंबरात ते बंदिशाळा बनले. त्या महिन्याच्या उत्तरार्धात रेड क्रॉसच्या प्रतिनिधींनी तेथे सुमारे सात हजार कैदी असल्याचा अंदाज केला. खेळाडूंचे कपडे बदलण्याच्या खोल्यांत माणसे कोंबलेली, पायऱ्यांवर दिवसभर बसविलेली. सायकल-शर्यतीच्या मैदानाकडे ज्यांना नेत त्यांची तेथे मारहाण आणि छळ होई. याच क्रीडांगणावर नोव्हेंबरात चिली विरुद्ध सोव्हिएट रशिया असा सामना ठरला होता. रशियाने अशा जागी खेळण्यास नकार दिला. तेव्हा चिलीचे खेळाडू एकटेच मैदानावर उतरले, रिकाम्या गोलात चेंडू घातला आणि जिंकले, असा एक लाजिरवाणा फार्स तेथे पार पडला.

एडेलस्टाम या क्रीडांगणावर वारंवार जात. परक्या देशाच्या कैद्यांना भेटण्याचा त्यांना काय अधिकार? खरे पाहता काहीच नाही. उरुग्वेचे नागरिक हे स्वीडनचे नागरिक नव्हेत. पण राजदूताशी उद्धटपणे वागणे लष्करी अधिकाऱ्यांनाही जड जाते. गणवेषाला पदव्यांचा आदर शिकविलेला असतो. उंच, रुबाबदार, सरदारी वळणाचा हा साठीचा गृहस्थ दारातच उभा राही, यादी मागे, नावे विचारी, आणि हलत नसे. ऑक्टोबर महिन्यात उरुग्वेचे ५४ कैदी त्यांच्या ताब्यात देण्यात आले. क्रीडांगणावरील मेजर मारियो लावांदेरोस या अधिकाऱ्याने ती सुटका केली. हा अधिकारी त्याच महिन्यात डोक्यात गोळी लागून मरण पावला. राजदूताला पकडता येत नाही, हा नियम त्याच्यासाठी नव्हता. या साऱ्या हकीकतीत एडेलस्टाम यांचे नाव सर्वत्र घेतले जाते. लावांदेरोसचे नाव चिलीबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही, आणि हे न्याय्य नाही.

एकंदर किती माणसे एडेलस्टाम यांच्या प्रयत्नांनी वाचली? तेराशेच्या आसपासचा आकडा वारंवार दिला जातो. अशा कामात हजेरीपट कोणी ठेवीत नसतो, आणि एकाच माणसाच्या सुटकेत अनेकांचा हात असतो. वकिलातीतील कारकून, स्वयंसेवक, इतर देशांचे मुत्सद्दी, निर्वासितांसाठी काम करणारे संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी, चर्चची मंडळी, या सर्वांची ती बेरीज आहे. आकड्याचा आग्रह धरू नये हे बरे.

अखेरचा प्रसंग २५ नोव्हेंबरचा. वकिलातीच्या आश्रयाला असलेल्या उरुग्वेच्या एका तरुणीवर शस्त्रक्रिया करणे भाग पडले, म्हणून तिला एका खाजगी रुग्णालयात ठेवले होते. आश्रय वकिलातीच्या भिंतींच्या आत असतो. रुग्णालयाच्या खाटेला ते कवच नाही. सशस्त्र शिपाई तिला नेण्यासाठी आले तेव्हा एडेलस्टाम आणि त्यांच्यासोबत फ्रान्सचे राजदूत व आणखी काही मुत्सद्दी तिच्या खाटेभोवती उभे राहिले. ताणाताणी झाली, स्वीडनच्या राजदूताला धक्काबुक्की झाली, आणि शिपाई त्या आजारी स्त्रीला घेऊन गेले. राजदूताच्या अंगाला हात लावणे हा व्हिएन्ना कराराचा उघड भंग होता. पण पोलिसांच्या कामात अंगाने आडवे येणे हेही राजदूताच्या अधिकारात कोठे बसत नव्हते. दोन्ही बाजूंनी मर्यादा ओलांडली होती. फरक एवढाच की एका बाजूच्या हातात बंदुका होत्या आणि दुसऱ्या बाजूच्या मागे एक खाट होती. ४ डिसेंबर १९७३ रोजी चिलीच्या सरकारने एडेलस्टाम हे आपल्याला नकोसे असल्याचे जाहीर केले, आणि थोड्याच दिवसांत त्यांनी सांतियागो सोडले.

स्टॉकहोमला त्यांचे स्वागत वीरासारखे झाले. वृत्तपत्रांतून, सभांतून त्यांनी चिलीतील अत्याचार बोलून दाखविले. मात्र त्यांच्या स्वतःच्या खात्यात हा उत्साह नव्हता. त्यांनी सूचनांची पर्वा केली नाही, प्रकरण स्वतःभोवती फिरविले, असे म्हणणारे अनेक होते. आणि त्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असेही म्हणता यावयाचे नाही. हद्दपार झालेला राजदूत दुसऱ्या दिवशी दारात येणाऱ्या माणसासाठी काही करू शकत नाही. सांतियागोतच याचे प्रत्यक्ष उदाहरण होते. फिनलंडचे तापानी ब्रोथेरुस हे एडेलस्टाम यांच्याहून वयाने आणि हुद्द्याने बरेच लहान. त्यांनी गाजावाजा न करता, आपल्या परराष्ट्रखात्यालाही पुरता पत्ता लागू न देता, स्वतःच्या घरात माणसे लपविली आणि त्यांना देशाबाहेर पोहोचविले. त्यांनी वाचविलेल्यांची संख्या दोन हजारांहून अधिक सांगतात. ते चिलीत टिकून राहिले, आणि कित्येक दशके त्यांचे नावही कोणाला ठाऊक नव्हते.

तेव्हा मूकपणे काम करणारा श्रेष्ठ की उघडपणे दंड थोपटणारा? हा वाद मुत्सद्द्यांत अजून चालतो, पण तो जरा फसवा आहे. सप्टेंबरच्या त्या पहिल्या दिवसांत क्यूबाच्या वकिलातीवर निशाण फडकविण्याचे काम गुपचूप करण्यासारखे नव्हतेच. लष्कराने ते पाहावे यासाठीच ते फडकवावयाचे होते. क्रीडांगणावर रोज दिसणारा राजदूत पाहून, आपली यादी बाहेरच्या कोणाच्या तरी हाती आहे हे तेथील अधिकाऱ्यांना कळत होते. ज्याची नोंद बाहेर झाली आहे असा कैदी नाहीसा करणे थोडे अधिक कठीण असते. उलट महिन्यांमागून महिने माणसे बाहेर काढावयाची तर ब्रोथेरुस यांचीच पद्धत लागते. एडेलस्टाम यांच्या अंगी ती नव्हती हेही खरेच. ऑस्लोत ते दोन वर्षे निभावले. पण तेथे ते एक कनिष्ठ अधिकारी होते, आणि कनिष्ठ माणसाकडे कोणाचे फारसे लक्ष नसते.

स्वीडनच्या परराष्ट्रखात्याला या बाबतीत एक जुनी बोचही होती. १९४४ साली बुडापेस्ट येथे राऊल वालेनबर्ग यांनी स्वीडिश संरक्षणपत्रे वाटून हजारो ज्यूंचे प्राण वाचविले. त्या पत्रांना काटेकोर कायद्याचा आधार फारच थोडा होता. निळा-पिवळा रंग, तीन मुकुटांचे राजचिन्ह आणि सही एवढ्यावरच ती चालत. जानेवारी १९४५ मध्ये रशियन सैन्याने वालेनबर्गना नेले आणि ते परत आले नाहीत. त्यांच्या शोधासाठी स्टॉकहोमने वेळीच जोराने आवाज उठविला नाही, हा दोष त्या खात्याला पुढे वर्षानुवर्षे ऐकावा लागला.

१९७४ साली एडेलस्टाम यांना अल्जीरियात राजदूत नेमले गेले. निवृत्तीपर्यंत ते तेथेच होते. चिलीतून निघालेली हजारो कुटुंबे दरम्यान स्वीडनमध्ये येऊन वसली. स्टॉकहोम, गोथेनबर्ग, माल्मो येथील चाळींसारख्या उपनगरी वस्त्यांत स्पॅनिश भाषा ऐकू येऊ लागली. २००७ साली त्यांच्या जीवनावर ‘स्वार्ता नेजलिका’ याच नावाचा चित्रपट निघाला, आणि २०१२ पासून त्यांच्या नावाने मानवी हक्कांसाठी झटणाऱ्यांना एक पारितोषिक दिले जाऊ लागले.

हे त्यांनी पाहिले नाही. १६ एप्रिल १९८९ रोजी ते वारले. त्याच्या सहा महिने आधी, ५ ऑक्टोबर १९८८ रोजी, चिलीच्या मतदारांनी जनरल पिनोशे यांना आणखी आठ वर्षे देण्यास नकार दिला होता. तरी एडेलस्टाम गेले त्या दिवशी अध्यक्षपदावर पिनोशेच होते. त्यांनी ते पद ११ मार्च १९९० रोजी सोडले. त्यानंतर नव्या सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळाने १९९१ साली आपला अहवाल दिला. त्यात मृत आणि बेपत्ता मिळून २,२७९ नावे नोंदविली आहेत.